गरम पाण्याचा शोफ-ओ घेण्यापूर्वी



जून महिना लागला की वाक्वा, क्यूरपीप, आंरिएता या उंचावरच्या गावांत पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो. आग्नेयेचा वारा सुटतो, झिमझिम पाऊस दिवसभर थांबत नाही, आणि नळाचे पाणी अंगावर घेताना लहानथोर सारेच कुडकुडतात. अशा दिवसांत घरोघरी एक विचार सुरू होतो : यंदा न्हाणीघरात नवा शोफ-ओ बसवावा. दुकानात गेले की टाकी नसलेले, नळ उघडताच पाणी तापवून देणारे यंत्र दाखवतात. काही गॅसवर चालतात, काही विजेवर. किंमत, रंग, काचेवरचे आकडे, हमीची वर्षे हे सगळे दुकानदार सांगतो. परंतु घेणाऱ्याने स्वतःला प्रथम विचारावयाचा प्रश्न तो सहसा सांगत नाही. तो प्रश्न असा : जळलेल्या गॅसचा धूर माझ्या घरातून कोठे जाणार?

या लेखात यंत्र निवडण्याची सारी अंगे पाहू. पण हा प्रश्न मी सर्वांत वर ठेवतो. बाकीच्या चुका पैशांत भरून निघतात. ही चूक माणसाच्या जिवावर बेतते.

चूल अंगणातून आत आली

आपले पूर्वज कोकणातून आणि देशावरून या बेटावर आले आणि साखर कोठ्यांच्या वस्तीत राहिले. तेव्हा आंघोळीचे पाणी घरामागे तीन दगडांवर तापत असे. महाराष्ट्रात बेताच्या सुखवस्तू घरी तांब्याचा बंब असे. मध्ये निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी. हंडा असो की बंब, त्याची जागा अंगणात किंवा मागच्या पडवीत. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, घशात जातो, खोकला येतो. म्हणजे धूर स्वतःच ओरडून सांगतो की येथून दूर व्हा.

गॅसचा शोफ-ओ म्हणजे त्याच बंबाचा नातू. फरक इतकाच की आता आग भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीत आहे, आणि ती पेटी कित्येक घरांत न्हाणीघराच्या आतच टांगलेली आहे. तिचा धूर दिसत नाही, झोंबत नाही, त्याला वासही नाही. गॅस पुरेशा हवेत जळला तर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. रक्त वाहत असते, श्वास चालू असतो, तरी शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. मग पायांतील बळ जाते. माणसाला कळते की काहीतरी बिघडले आहे, पण कडी काढण्याइतकी शक्ती उरत नाही.

थोडे गणित करून पाहू. 40 लिटर पाणी 18 अंशांवरून 40 अंशांवर न्यावयाचे असेल तर साधारण 100 ग्रॅम गॅस जळतो. 1 किलो गॅस जळण्यास 12 ते 13 घनमीटर हवा लागते. म्हणजे एका आंघोळीला सव्वा घनमीटर. आता दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब व अडीच मीटर उंच असे न्हाणीघर घ्या. त्यात हवा किती? साडेसात घनमीटर. दार-खिडकी अगदी बंद असेल, तर एकाच आंघोळीत सहाव्या हिश्श्याची हवा वापरली जाते. प्राणवायू 21 टक्क्यांवरून साडेसतराच्या आसपास येतो. एवढ्यानेच ज्वाला बिघडू लागते. त्याच खोलीत लगेच दुसरा माणूस शिरला, तर त्याच्या वाट्याला बिघडलेली ज्वाला आणि विषारी हवा येते. पहिला माणूस ठणठणीत बाहेर आला, म्हणून दुसराही येईल असे मुळीच नाही.

आणि खिडकी बंद होते ती नेमकी कधी? काचेच्या पट्ट्यांची खिडकी, जिला आपण येथे 'नाको' म्हणतो, ती आपण थंडीतच ओढून घेतो. तुफानाच्या इशाऱ्यानंतर तर फळ्या ठोकून सारे घर बंद करतो. म्हणजे ज्या दिवशी गरम पाणी सर्वांत हवेसे वाटते, त्याच दिवशी घरात हवा सर्वांत कमी असते.

गॅसच्या शोफ-ओची जागा

म्हणून नियम साधा आहे. गॅसचा शोफ-ओ न्हाणीघरात लावू नये. तो बाहेरच्या भिंतीवर, छपराच्या आडोशाला, पाऊस व थेट वारा लागणार नाही अशा ठिकाणी लावावा. तेथून गरम पाण्याची नळी आत न्यावी. तो झोपण्याच्या किंवा न्हाण्याच्या खोलीच्या खिडकीखाली नसावा, नाहीतर बाहेर टाकलेला धूर पुन्हा आत येतो. चारी बाजूंनी बंद केलेला व्हरांडा ही 'बाहेरची' जागा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

घराच्या आत लावणे भागच असेल तर यंत्राचा प्रकार नीट पाहावा. ज्याला धुराची नळीच नसते असा शोफ-ओ आत लावू नये. साधी नळी असलेला शोफ-ओ धूर बाहेर टाकतो खरा, पण जळण्यासाठी हवा खोलीतूनच घेतो, आणि उलटा वारा आला तर धूर परत फिरतो. पंखा असलेला प्रकार धूर जोराने बाहेर ढकलतो. मात्र त्याला वीज लागते, म्हणजे तुफानात वीज गेली की तो बंद. सर्वांत सुरक्षित तो, ज्याची पेटी पूर्ण बंद असते आणि जो हवा बाहेरून घेऊन धूरही बाहेरच सोडतो. तो महाग असतो, पण आत लावण्यास योग्य असा तोच.

गॅसच्या बाटलीचेही एक शास्त्र आहे. आपल्या बोंबोनमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात, तळघरात, मोरीच्या तोंडाशी साचतो. म्हणून बोंबोन बाहेर, उभी, सपाट जागेवर ठेवावी. रबरी नळीवर वर्ष छापलेले असते. मुदत संपली की ती बदलावी. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती शोधण्याचा मूर्खपणा कोणी करू नये.

आणखी एक गोष्ट. फ्रान्समध्ये असलेले नातेवाईक कधी प्रेमाने तिकडचा शोफ-ओ पाठवतात. तिकडे अनेक घरांत नळाने नैसर्गिक वायू येतो. आपल्याकडे घरोघरी बोंबोनचा गॅस आहे. नैसर्गिक वायूसाठी बनवलेल्या यंत्राची छिद्रे मोठी असतात. त्यात आपला गॅस सोडला तर ज्वाला प्रमाणाबाहेर मोठी व पिवळी होते, काजळी धरते आणि विषारी वायू निघतो. म्हणून पेटीवरील पट्टीवर कोणता गॅस लिहिला आहे ते वाचल्याशिवाय ती जोडू नये.

पाण्याचा जोर मोजा

टाकी नसलेल्या यंत्राचे सारे काम वाहत्या पाण्यावर चालते. पाणी वाहू लागले की आतील पडदा सरकतो, गॅसचे दार उघडते आणि दोन जाड बॅटऱ्यांच्या जोरावर ठिणगी पडते. पाण्याला जोर नसेल तर पडदा सरकत नाही आणि यंत्र पेटत नाही. पुष्कळ लोक अशा वेळी यंत्राला दोष देतात. दोष बहुधा छपरावरच्या टाकीचा असतो.

सी.डब्ल्यू.ए.चे पाणी कित्येक भागांत ठराविक तासच येते, म्हणून आपण छपरावर टाकी ठेवतो. पाण्याची उंची 10 मीटर असेल तर दाब 1 बार मिळतो. आपल्या एकमजली घराच्या सपाट छपरावरील टाकी शॉवरच्या फार तर दोन मीटर वर असते. म्हणजे दाब 0.2 बार. कमी दाबावर चालणारे काही शोफ-ओ एवढ्यावर कसेबसे पेटतात, बाकीचे पेटतच नाहीत. म्हणून यंत्राच्या कागदावर किमान दाब किती लिहिला आहे ते पाहावे. तो आपल्याकडे मिळत नसेल तर टाकी उंच चौथऱ्यावर चढवावी किंवा लहान पंप लावावा. पंपाचा खर्च शोफ-ओच्या किमतीत आधीच धरावा, मागाहून कपाळावर हात मारू नये.

प्रवाह मोजणे तर शाळेतल्या मुलालाही जमेल. 10 लिटरची बादली शॉवरखाली ठेवा आणि घड्याळ पाहा. बादली दोन मिनिटांत भरली तर प्रवाह मिनिटाला 5 लिटर. हा आकडा चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या. माप घेतल्याशिवाय कापड घेत नाहीत, तसेच हे.

किती शक्तीचे यंत्र हवे?

त्यासाठी एक सोपे सूत्र आहे. मिनिटाला किती लिटर, त्याला किती अंश तापवायचे त्याने गुणा, आणि आलेल्या संख्येला 0.07 ने गुणा. उत्तर किलोवॉटमध्ये येते.

उदाहरण पहिले, वाक्वाचे. हिवाळ्यात पाणी 18 अंश समजा, आंघोळीला 40 हवे. फरक 22. प्रवाह 5 लिटर. 5 गुणिले 22 गुणिले 0.07 म्हणजे 7.7 किलोवॉट.

उदाहरण दुसरे, किनाऱ्याकडचे, बाम्बू किंवा पोर्ट लुईचे. पाणी 23 अंश समजा, 38 पुरते. फरक 15. तेवढ्याच प्रवाहाला सव्वापाच किलोवॉट लागतात.

म्हणजे एकाच बेटावर, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्या दोन भावांना वेगवेगळ्या ताकदीचे यंत्र लागते. धाकट्याने घेतले तेच थोरल्यानेही घ्यावे, असे नाही.

गॅसच्या यंत्रावर 6 लिटर, 10 लिटर असे आकडे असतात. त्यांचा अर्थ सहसा असा की पाणी 25 अंशांनी तापवून ते यंत्र मिनिटाला इतके लिटर देईल. 6 लिटरचे यंत्र म्हणजे साधारण साडेदहा किलोवॉट. एका शॉवरला ते पुरेसे आहे. एकाच वेळी दोन न्हाणीघरे किंवा न्हाणीघर व स्वयंपाकघर चालवायचे असेल तरच 10 लिटरचा विचार करावा. गरजेपेक्षा मोठे यंत्र कमी प्रवाहात पाणी कढत करून सोडते. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. लहान मूल व वृद्ध माणूस तितक्या चपळाईने बाजूला होत नाहीत.

विजेचा शोफ-ओ

विजेच्या यंत्रात धूर नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याची भूक मोठी आहे. 7.7 किलोवॉट म्हणजे सात इस्त्र्या एकदम लावल्यासारखे. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. भागाकार केला तर प्रवाह 33 अँपिअरहून अधिक येतो. आपला तीन चौकोनी पायांचा प्लग 13 अँपिअरचा, म्हणजे फार तर 3 किलोवॉटचा. म्हणून असे यंत्र साध्या प्लगवर कधीही लावू नये. त्यासाठी मीटरच्या पेटीतून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र तोडस्विच आणि गळती ओळखून क्षणात वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच हवा. अर्थिंग पक्के हवे. ओल्या अंगाने, ओल्या जमिनीवर उभे राहून आपण हे यंत्र वापरतो, हे विसरू नये.

जुन्या घरांत तारा पंखा आणि दिवे यांच्या मापाच्या असतात. अशा घरी यंत्रापेक्षा तारांचा खर्च जास्त होऊ शकतो. सी.ई.बी.कडून घेतलेली जोडणी एवढा भार सोसते का, हे जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून आधी पाहून घ्यावे. किनाऱ्याकडे मात्र सव्वापाच किलोवॉटने काम भागते आणि तेथे विजेचे यंत्र सोयीचे पडते.

खर्चाचा हिशेब

दर बदलत राहतात, म्हणून रुपये न लिहिता हिशेबाची रीत सांगतो; ती कोणत्याही वर्षी चालेल. वाक्वाच्या त्या 40 लिटरच्या आंघोळीला विजेचे साधारण 1 युनिट लागते. तीच आंघोळ गॅसवर 100 ग्रॅममध्ये होते. 12 किलोच्या बोंबोनमध्ये अशा 120 आंघोळी. तेव्हा बोंबोनच्या किमतीला 120 ने भागा आणि सी.ई.बी.च्या बिलावरील युनिटच्या दराशी ताडून पाहा. पाच माणसांच्या घरात रोज पाच आंघोळी धरल्या तर बोंबोन 24 दिवस पुरते. आता स्वयंपाकाची बोंबोन वेगळी ठेवायची की तीच वापरायची, तेही ठरवता येईल.

शॉवर दहा मिनिटांऐवजी सहा मिनिटे चालवला तर वीज किंवा गॅस, दोन्हींत शंभरात चाळीस वाचतात. याइतके स्वस्त यंत्र कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

सूर्याचा विचारही करावा. 2008 साली सरकारने 'मॉरिस इल द्युराब्ल' हे धोरण जाहीर केले, आणि त्या काळात विकास बँकेमार्फत सौर बंबांसाठी साहाय्य दिले गेले. तेव्हापासून पुष्कळ छपरांवर ते दिसतात. त्याला टाकी असते, म्हणून तो या लेखाचा मुख्य विषय नाही. परंतु ज्याच्या छपरावर दिवसभर ऊन आहे त्याने प्रथम त्याचाच विचार करावा. क्यूरपीपच्या ढगाळ आठवड्यात त्याच्या जोडीला टाकी नसलेला शोफ-ओ कामी येतो. मात्र आधीच कोमट झालेले पाणी आत घेण्यास तो बनवलेला आहे की नाही, हे विकत घेतानाच विचारावे. साधे यंत्र अशा पाण्याला उकळीच्या जवळ नेऊ शकते.

तुफानाचे दिवस

आपल्या घराचा कोणताही निर्णय तुफानाला विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही. 1960 च्या कॅरोलनंतर आपण लाकूड-पत्र्याची घरे सोडून काँक्रीटकडे वळलो. 1975 च्या जर्व्हेझची आठवण वडीलधारी मंडळी अजून सांगतात. 2024 च्या जानेवारीत बेलालने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाणी आणले. वीज गेली की विजेचा शोफ-ओ मुका होतो. बॅटरीवर पेटणारा गॅसचा शोफ-ओ चालतो, जर टाकीतील पाणी पंपाशिवाय पुरेशा जोराने येत असेल तर.

परंतु तुफान अंगावर असताना तो चालवू नये. इशारा मिळताच बोंबोनची चावी बंद करावी आणि ती भिंतीशी घट्ट बांधावी. बोंबोन उचलून बंद घरात आणू नये. वादळ गेल्यावर धुराच्या तोंडात पाने, पक्ष्याचे घरटे किंवा माती अडकली नाही ना हे पाहूनच पुन्हा पेटवावे.

कोणाला काय योग्य?

एकत्र कुटुंब, थंड गाव, न्हाणीघराला बाहेरची भिंत : बाहेर लावलेला 6 लिटरचा गॅसचा शोफ-ओ, आणि टाकी बुटकी असेल तर पंप.

वरच्या मजल्यावरील फ्लॅट, न्हाणीघर मधोमध, बाहेरची भिंत नाही : विजेचा. तेथे गॅसचा मोह धरू नये, दुकानदार कितीही सवलत देवो.

किनाऱ्याजवळचे उन्हाचे घर : सौर बंब, किंवा विजेचे लहान यंत्र.

एकटे राहणारे आजी-आजोबा : विजेचा, पाणी ठराविक उष्णतेपलीकडे जाऊ न देणारा. त्यांना बॅटऱ्या बदलणे, बोंबोन हलवणे व ज्वाला तपासणे यांचा त्रास नको.

ज्यांच्या न्हाणीघरात गॅसचा शोफ-ओ आजच टांगलेला आहे, त्यांनी नव्या खरेदीची वाट पाहू नये. प्लोम्बियेला बोलावून तो बाहेर हलवून घ्यावा. हलेपर्यंत पाणी बादलीत भरून यंत्र बंद करावे, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी, आणि मगच आंघोळीला बसावे. दर वर्षी थंडीपूर्वी, मे महिन्यात, यंत्र साफ करून घ्यावे. ज्वाला निळी असावी. पिवळी दिसली तर त्याच क्षणी बंद करावी. आत गेलेले माणूस हाक मारूनही उत्तर देत नसेल तर दार फोडावे, गॅस बंद करावा, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि 114 वर सामूला बोलवावे. न्हाणीघराच्या दाराला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी लावणे शहाणपणाचे.

घरातील कर्त्या माणसांनी येत्या रविवारी एवढे करावे. हातात बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजावा, टाकीची उंची पाहावी, मीटरची पेटी उघडून पाहावी, आणि न्हाणीघराच्या भिंतींपैकी कोणती भिंत बाहेरची आहे ते ठरवावे. ही चार उत्तरे कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी.